मुंगीला ताप नव्हता

४ नोव्हेंबर

प्रिय शंकूताई,

पत्राला उशीर झाला, रागावू नका. घरात सध्या दोन अंथरुणं आहेत, एक आईंचं आणि एक मुंगीचं, आणि मी दोन्हींच्या मधे येरझारा घालते आहे. मुंगी म्हणजे तुमची भाची. एवढीशी आहे म्हणून आईंनी पहिल्याच दिवशी तिला मुंगी म्हटलं, आणि आता खरं नाव शोधायचं कुणाच्या ध्यानातही नाही. आज सतरा दिवसांची झाली. तीन आठवडे आधी आली, पण वजन बरं आहे असं सिस्टर म्हणाल्या होत्या.

आईंना परवापासून ताप आहे. साधासुधा नाही, थंडी भरते तेव्हा खाटेचे पाय वाजतात. तीन रजया घातल्या, वर तुमच्या दादांचा कोट घातला, तरी दात वाजायचे थांबेनात. मग एकदम सगळं भिरकावून देतात आणि पाणी मागतात. तापाच्या भरात तुम्हाला हाका मारतात. काल म्हणाल्या, "शंके, प्रश्न पुरे, आधी जेव." इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या लेखी तुम्ही अजून ताटावर बसून शंका विचारणारी मुलगीच आहात.

कोपऱ्यावरचे डॉक्टर येऊन गेले. छातीत कफ साठलाय, न्यूमोनियाच असेल म्हणाले. इंजेक्शन सुरू केलं आहे. दादा छापखान्यात रजा टाकून घरी बसलेत, म्हणजे माझ्या वाटेत उभे राहतात.

मुंगी मात्र गुणाची. आजी आजारी आहे हे जणू तिला कळलंय. कालपासून रडणं नाही, कुरकुर नाही, झोपूनच असते. दूधसुद्धा मागत नाही. मीच उठवून पाजायला घेतलं तर दोन घोट घेते आणि पुन्हा डोळे मिटते. हातपाय तेवढे गार लागतात, म्हणून दुसरं टोपरं घातलं आहे.

आईंसाठी आणखी काय करावं ते उलट टपाली कळवा. तुम्ही त्यातल्या आहात.

तुमची
वहिनी


७ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र प्रयोगशाळेतच मिळालं. हातमोजे काढून उभ्या उभ्या वाचलं, मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचलं.

आता मी सांगते तसं कर. आईला आडवी झोपवू नकोस, पाठीशी उशा देऊन अर्धवट बसती ठेव. एका मिनिटात किती श्वास घेते ते घड्याळ लावून मोज आणि लिहून ठेव. तीसच्या वर गेले, किंवा ओठ निळसर दिसले, किंवा ती असंबद्ध बोलायला लागली, तर डॉक्टरांची वाट बघू नका, सरळ इस्पितळात न्या. तिचा ताप ऐकून घाबरू नकोस. ताप म्हणजे शरीर लढतंय. पण या वयात ते जरा जास्तच लढतं, आणि त्यातच माणूस थकतो. म्हणून लक्ष आईवर ठेव.

मला लगेच निघता येत नाही याची लाज वाटते. या आठवड्यात प्रसूतिगृहातून सहा नाळांचं रक्त येणार आहे. बाळ झालं की नाळ आणि वार टाकूनच देतात, त्यातून ते काढून बर्फाच्या डब्यात आमच्याकडे येतं आणि काही तासांत त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या कराव्या लागतात. ते काम दुसऱ्या कुणावर सोपवता येत नाही.

मुंगीची गंमत वाटली. आजीला सांभाळून घेणारी नात! झोपू दे तिला, या वयात मुलं झोपेतच वाढतात.

आईच्या श्वासाचे आकडे कळव.

तुझी
शंकू


८ नोव्हेंबर, इस्पितळातून

शंकूताई,

दादांनी तार केली आहे, तिच्यात सगळं मावत नाही म्हणून हे लिहिते.

तुम्हाला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मुंगीला अंघोळीनंतर पुसतात तसं नुसतंच पुसायला घेतलं. तिच्या पाठीवर हात ठेवला. ताई, बारा वर्षं मी कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीच्या टेबलापाशी उभी आहे. कापड किती तापलंय हे मला हाताच्या मागच्या बाजूनं कळतं, बघावं लागत नाही. मुंगीची पाठ गार होती. हातपाय गार असतात बाळांचे, पण पाठ? दोन टोपरी, लोकरीचं दुपटं, आणि आत गार पाठ.

तिला घेऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थर्मामीटर लावला. म्हणाले, "ताप अजिबात नाही. उलट थोडा कमीच आहे. नीट गुंडाळून ठेवा, घरात म्हातारं माणूस आजारी, तुम्ही थकलात." मी परत आले. दादा म्हणाले, "बघ, उगीच." मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडात घातलेलं दूध ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. गिळलंच नाही. रडली, पण तो आवाज रडण्याचा नव्हता, दार कुरकुरावं तसा. मग मी कुणाला विचारलं नाही. पायात चपला होत्या की नव्हत्या आठवत नाही. इस्पितळाच्या दारातल्या सिस्टरनी दुपटं बाजूला करून एकदाच पाहिलं, मुंगीला माझ्या हातातून घेतलं आणि त्या पळाल्या. एवढ्या मोठ्या बाईला पळताना बघून मला कळलं काय ते.

रक्तात जंतू आहेत. पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, तेही गढूळ निघालं. मेंदूच्या आवरणापर्यंत गेलंय म्हणतात. काचेच्या पेटीत ठेवलं आहे, कपाळावर सुई लावली आहे कारण हातात शीरच सापडेना.

डॉक्टरांनी घरात आणखी कोण आजारी आहे विचारलं आणि आईंनाही इथेच आणायला लावलं. त्या तिसऱ्या मजल्यावर, मुंगी पहिल्यावर. आईंना आज एकशे तीन ताप आहे. मुंगीला अजूनही नाही. ताई, एवढ्या मोठ्या बाईला एवढा ताप आणि हिला का नाही?

या.

वहिनी


२८ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

काल पोचले. तुमच्याकडे बारा दिवस होते, त्यातले नऊ त्या काचेसमोर गेले. मुंगी घरी आलेली पाहून निघाले म्हणून पाय निघाला. आईही आता काठी न धरता खिडकीपर्यंत जाते, दम लागतो तरी.

तू व्हरांड्यात मला तीनदा विचारलंस, हिला ताप का नव्हता. मी तीनदा "नंतर सांगते" म्हटलं. आता सांगते.

मोठ्या माणसाच्या अंगात जंतू शिरला की जागोजागी बसलेल्या पहारेकरी पेशी आरडाओरडा करतात. त्यांचा ओरडा म्हणजे रक्तात सोडलेली रसायनं. ती मेंदूपर्यंत पोचली की थंडी वाजते, ताप चढतो. हाडांच्या पोकळीत पांढऱ्या पेशींचा मोठा साठा असतो, तो बाहेर पडतो, जंतूंवर तुटून पडतो. आईच्या बाबतीत तेच झालं. इतक्या जोरात झालं की जंतूंबरोबर तिचं स्वतःचं फुफ्फुसही भाजलं. तिला अजून दम लागतो तो निम्मा जंतूंमुळे आणि निम्मा स्वतःच्याच लढाईमुळे.

बाळाचं तसं नसतं. आम्ही नाळेच्या रक्तातल्या पेशी घेतो, त्यांच्यात मेलेले जंतू टाकतो आणि त्या काय बोलतात ते मोजतो. शेजारच्या नळीत मोठ्या माणसाचं रक्त असतं. ते बहुतेकदा माझंच, कारण मी तिथेच असते. माझ्या पेशी ओरडतात. बाळाच्या पेशींनाही जंतू दिसतो, त्या आंधळ्या नाहीत. पण लढाईला बोलावणारी काही रसायनं त्या कमी सोडतात आणि "सबुरीनं घ्या" असं सांगणारी जास्त. पूर्वी सगळे म्हणायचे, बाळाची ताकदच कमी. आता आम्हाला वाटतं, नुसतं तसं नाही. नऊ महिने ते दुसऱ्या माणसाच्या पोटात राहतं. तिथे त्यानं आईच्या पेशींशी भांडण काढलं तर दोघंही संकटात. आणि बाहेर आल्याबरोबर त्याच्या कातडीवर, आतड्यात लाखो जंतू वस्तीला येतात, बहुतेक निरुपद्रवी. प्रत्येकावर अंग पेटवलं तर आठवडाभरात जळून जाईल. म्हणून गप्प राहणं त्याला उपजतच शिकवलेलं असतं. आणि खरा वैरी आला की हेच गप्प राहणं त्याच्या मुळावर येतं. पांढऱ्या पेशींचा साठा थोडा, तो लवकर संपतो. आईकडून मिळणाऱ्या अँटिबॉडीजची शिदोरी शेवटच्या आठवड्यांत भरली जाते, आणि मुंगी तीन आठवडे आधी निघाली. काही बाळांना ताप येतोही. पण पुष्कळांना येत नाही, उलट अंग गार पडतं.

आता एक विचारायचं आहे. दोघींचे तपासणीचे कागद तुझ्याकडे असतील. मी निघायच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांशी बोलले. दोघींमध्ये एकच जंतू निघाला आहे. एक घर, एक आठवडा, एक जंतू, एक एकाहत्तर वर्षांची आणि एक एकोणीस दिवसांची. वहिनी, अशी जोडी अभ्यासाला मिळणं फार दुर्मिळ. नावं कुठेही येणार नाहीत. कागदांच्या प्रती पाठवशील का? आणि जमलं तर मुंगीचं थोडं रक्त, पुढच्या तपासणीला काढतील तेव्हाच.

तुझी
शंकू


६ डिसेंबर

वन्सं,

तुमचं पत्र पोचलं. बाळ कसं घडतं ते कळलं. छान समजावून सांगता.

एकच जंतू निघाला हे मला तुमच्या आधीपासून माहीत आहे. कागद पहिल्यांदा माझ्याच हातात आला. जन्मल्यावर मुंगी घरी आली त्या दिवसापासून आई तिला मांडीवर घेऊन मुके घेत होत्या, ते मीच पाहिलं होतं. जोडी लावायला मला प्रयोगशाळा लागली नाही. तो कागद घडी करून मी माझ्या कपाटात सगळ्यात खाली ठेवला आहे. दादांना सांगितलेलं नाही. आईंना तर कधीच कळता कामा नये. तुम्ही तो छापायला मागता.

माझी मुलगी जोडीतला अर्धा भाग नाही. तिचं रक्त तिला पुरेना म्हणून बाहेरून दिलं, विसरलात का?

आणखी एक. आम्ही सगळे इस्पितळात असताना तुमचं सात तारखेचं पत्र आमच्या दारात पडलं होतं. तुम्ही इथे होता तोवर मला ते दिसलं नव्हतं. दादांनी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात ठेवलं होतं. परवा वाचलं. "झोपू दे तिला."

मी दहावी नापास, मला कळलं नाही तर जग मला काही म्हणणार नाही. तुम्ही रोज हेच काम करता ना?

उत्तराची घाई करू नका.

वहिनी


१० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

दोन महिने मी या पत्राचे कागद फाडते आहे. आज जसं येईल तसं टाकणार.

तू लिहिलंस ते खरं आहे, आणि तुला माहीत नाही तेवढं खरं आहे. दरवर्षी मी परिचारिकांच्या वर्गाला तीन तास शिकवते. परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असतो: नवजात बाळाला गंभीर जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणं लिहा. उत्तरात कुणी नुसतं "ताप" लिहिलं की मी लाल रेघ मारते. मला हवं असतं ते असं: दूध न ओढणं, सुस्तपणा, रडणं बंद होणं, अंग गार पडणं. तुझं चार तारखेचं पत्र माझ्यासमोर आहे. ही चारही लक्षणं त्यात आहेत. सलग, एकाच परिच्छेदात, माझ्या उत्तरपत्रिकेसारखी. मी ते दोनदा वाचलं आणि मला गंमत वाटली.

माझं पत्र उशिरा पोचलं, तोवर तू तिला घेऊन गेली होतीस, म्हणजे माझ्या चुकीनं काही बिघडलं नाही, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण मी तार करू शकत होते. पाच तारखेलाच केली असती, पत्र त्याच दिवशी इथे टेबलावर आलं होतं, मीच दुसऱ्या दिवशी उघडलं आणि उत्तराला आणखी एक दिवस लावला. हे तुला कुणी सांगितलं नसतं. मी सांगते.

का दिसलं नाही? खूप विचार केला. पत्रात आई ओरडत होती. तापाच्या भरात माझं नाव घेत होती. ते वाचताना मी शास्त्रज्ञ नव्हते, आईची मुलगी होते, आणि मला दुसरं काहीच ऐकू आलं नाही. तुझ्या घरात जे झालं तेच माझ्या टेबलावर झालं. जो ओरडतो त्याच्याकडे सगळे धावतात.

आणि ते कागद मागणं. तुझ्यासमोर बारा दिवस उभी राहून मला "मी चुकले" हे दोन शब्द बोलता आले नाहीत. मग मी घरी येऊन शहाणपणाचं लांबलचक पत्र लिहिलं. अभ्यासाचं नाव घेतलं की माणसाला स्वतःकडे बघावं लागत नाही. मला ते कागद नकोत. कधीच मागणार नाही.

मुंगी कशी आहे? एवढंच कळव, एका ओळीत.

शंकू


२१ फेब्रुवारी

प्रिय शंकूताई,

एका ओळीत मावत नाही.

मुंगी चार महिन्यांची झाली. वजन वाढतंय, मान धरते, हसते. मागच्या आठवड्यात कानांची तपासणी झाली. डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही. उजवा चांगला आहे. डॉक्टर म्हणाले, अशा आजारातून उठलेल्या मुलांत होतं हे, आणि एका कानावर माणूस व्यवस्थित बोलायला शिकतो. मी आता तिच्या उजव्या बाजूला बसते. दादा विसरतात आणि डावीकडून तासभर गाणी म्हणतात.

मी तुमच्यावर जे ओरडले त्यातलं निम्मं माझंच होतं. मीही एक गोष्ट लपवली. ती गप्प झाली तेव्हा मला बरं वाटलं होतं, ताई. आठ वर्षं वाट बघून झालेली मुलगी, आणि सोळा दिवसांत मी सलग दोन तास झोपले नव्हते. त्यात आईंचं आजारपण. तीन तारखेला ती रडायची थांबली तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं, सुटले. तुम्हाला पत्रात "गुणाची" लिहिलं ते त्या सुटलेपणातून. हे मी दादांनाही बोललेले नाही.

आता आईंचं. परवा दुपारी मी कपाट आवरत होते. मागून आई म्हणाल्या, "तो कागद अजून ठेवलायस का?"

मी म्हटलं, "कुठला?"

"तोच. एकच जंतू निघाला तो."

त्या म्हणाल्या, "मी इस्पितळातच विचारलं होतं डॉक्टरांना. तू लपवतेस म्हटल्यावर मीही कळू दिलं नाही. म्हटलं, हिला तेवढं तरी समाधान."

"आई, तुम्ही काही मुद्दाम..."

"मुके मीच घेतले ना? त्याचं नाही गं एवढं. जंतू काय, कुणाकडूनही येतो. मी चार दिवस कण्हत राहिले आणि तुम्ही सगळे माझ्याभोवती. त्यात त्या पोरीचं ऐकायचं राहून गेलं, ते टोचतं."

मग आम्ही दोघी कपाटासमोर जमिनीवर बसून रडलो. रडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ऊठ, पातळांची घडी मोडतेय." म्हणजे बऱ्या आहेत.

शेवटचं, आणि त्यासाठीच हे पत्र. मी महिन्यापासून कामावर जाते. आमच्याकडे काजं करणारी एक मुलगी आहे. तिची धाकटी जाऊ बाळंत झाली. जेवणाच्या सुट्टीत ती कौतुकानं सांगत होती, "दहा दिवसांचं बाळ, पण काय शहाणं! कालपासून रडतसुद्धा नाही." मी डबा तसाच टाकला. मी तिला तशीच उठवली, दोघी बाळाच्या घरी गेलो, मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि सरळ इस्पितळात. त्याच त्या सिस्टर दारात. बाळ वाचलं, लवकर आणलं म्हणून लवकर बरं झालं.

ताई, हे मी किती जणींच्या पाठीवर हात ठेवून करणार? तुम्ही लिहा. एका कागदावर, आमच्यासारख्यांना कळेल असं. सिस्टर म्हणतात, प्रसूतीच्या वॉर्डात भिंतीवर लावू, घरी जाताना एकेक प्रत देऊ. दादा छापून देतील.

तुमची
वहिनी


३ मार्च

प्रिय वहिनी,

मसुदा जोडला आहे. चार वेळा लिहिला, इथल्या बालरोगतज्ज्ञांनी तपासला. सुरुवात अशी: "नवजात शिशूमधील जंतुसंसर्गाची लक्षणे बहुतांशी अविशिष्ट स्वरूपाची असून शरीराच्या तापमानात घट होणे हेही गंभीर लक्षण समजावे." जितकं सोपं करता येईल तितकं केलं आहे. काही अडलं तर कळव.

मुंगीच्या कानाबद्दल वाचून दिवसभर काही सुचलं नाही. दादाला सांग, उजवीकडून गा.

शंकू


१२ मार्च

प्रिय शंकूताई,

मसुदा जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचला. "अविशिष्ट" ऐकून काजवाली म्हणाली, हे औषध कुठे मिळतं? शिलाईच्या मशिनवरच्या बाई म्हणाल्या, "शिशू कुणाच्या घरी असतं? आमच्याकडे बाळ असतं." मग आम्ही सगळ्यांनी मिळून असं केलं आहे. तुमच्या डॉक्टरांना दाखवा, चूक असेल तर सांगा:

"बाळ एक महिन्याच्या आतलं आहे का? मग हे वाचा. मोठं माणूस आजारी पडलं की तापतं, कण्हतं. लहान बाळ गप्प होतं. दूध ओढत नसेल, उठवूनही उठत नसेल, नेहमीसारखं रडत नसेल, धापा टाकत असेल, पोट किंवा पाठ गार लागत असेल, तर त्याला शहाणं म्हणू नका. दवाखान्यात आणा. ताप असला तरी आणा, ताप नसला तरी आणा. काही निघालं नाही तर तुम्हाला कुणी हसणार नाही."

शेवटचं वाक्य माझं आहे. ते काढायचं नाही.

वहिनी


२० मार्च

प्रिय वहिनी,

डॉक्टरांनी एकच बदल सुचवला. "एक महिन्याच्या" ऐवजी "तीन महिन्यांच्या". बाकी काना-मात्रा न बदलता छापा. पुढच्या वर्गात मी हाच कागद वाचून दाखवणार आहे, आणि कुणी लिहिला ते सांगणार आहे.

शंकू


१९ सप्टेंबर

प्रिय शंकूताई,

मधे बरेच दिवस गेले. वॉर्डातल्या भिंतीवरचा कागद आता तिसऱ्यांदा छापला, पहिले दोन लोकांनी काढून घरी नेले. सिस्टर म्हणतात, चोरी झाली तर चालेल असा हा एकच कागद इस्पितळात आहे. परवा एक आजी नातवाला घेऊन आल्या, त्याला काहीच झालं नव्हतं, नुसतं पोट भरून झोपलं होतं. कुणी हसलं नाही.

पण आज लिहिते आहे ते निराळ्या कारणासाठी.

मुंगी अकरा महिन्यांची झाली. काल सकाळी उठली तीच किंचाळत. गाल लाल, कान लाल, डोळ्यांतून पाणी. मी उचललं तर हाताला चटका बसावा तशी पाठ तापलेली. दूध दिलं, वाटी उडवून दिली. खेळणं दिलं, दादांच्या कपाळावर मारलं. आवाज असा की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या.

धावत कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. तेच ते. त्या नोव्हेंबरपासून ते मला बघून जरा खाली बघतात. त्यांनी थर्मामीटर लावला, काढला, चष्मा वर करून पाहिला. म्हणाले, "एकशे दोन आहे. घसा आलाय. औषध देतो, पाणी भरपूर पाजा, उद्या पुन्हा दाखवा. घाबरू नका."

मी म्हटलं, "एकशे दोन?"

"हो."

"खरंच?"

त्यांनी थर्मामीटर माझ्या हातात दिला. मी तो आकडा बघितला, पुन्हा बघितला, आणि ताई, मला हसूच आवरेना. मुंगी माझ्या खांद्यावर ओरडते आहे आणि मी हसते आहे. डॉक्टरही हसायला लागले, मग चष्मा काढून डोळे पुसत बसले. बाहेर बाकावर बसलेल्या बायांना वाटलं असेल, या बाईला काय झालं.

आज ताप उतरतो आहे. अजून चिडचिडी आहे, माझ्या मांडीवर बसून हा कागद ओढते आहे, अक्षर वाकडं आलं तर तिचं समजा. मघाशी खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला वर आल्या, "काल केवढा आरडाओरडा चालला होता, काय झालं?"

आई दारातच होत्या. म्हणाल्या, "आमच्या मुंगीला ताप आला!"

हे त्या अशा काही आवाजात म्हणाल्या की त्या बाई गोंधळून म्हणाल्या, "अरे वा, अभिनंदन."

तुमची
वहिनी